'नाइस' : एका प्रशंसावाचक विशेषणाची अर्थकक्षा

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात बाथ शहरालगतच्या बीचन क्लिफ या टेकडीकडे तिघे जण फिरायला निघतात. कॅथरिन मोरलँड ही सतरा वर्षांची नायिका, हेन्री टिल्नी हा तरुण धर्मोपदेशक आणि त्याची बहीण एलिनॉर. बोलणे कादंबऱ्यांवर येते आणि कॅथरिन ॲन रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' (१७९४) या कादंबरीला 'नाइस' या विशेषणाचे श्रेष्ठतादर्शक रूप बहाल करते. हेन्री तिला तिथेच अडवतो. 'नाइस' म्हणजे नीटनेटके असा अर्थ धरून तो पुस्तकाच्या बांधणीकडे बोट दाखवतो; मग आजचा दिवस, ही फेरी, या दोन तरुणी अशा एकेका गोष्टीला तेच विशेषण लावून दाखवतो आणि हा शब्द कशालाही चालतो असा निकाल देतो. पूर्वी हा शब्द नेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, अभिरुचीची सूक्ष्मता यांच्यापुरता होता. आता मात्र प्रत्येक विषयाची प्रत्येक स्तुती त्या एकाच शब्दात कोंबली जाते, अशी त्याची तक्रार आहे.

इंग्रजीच्या अध्यापनात हा प्रसंग दीर्घकाळ एका विशिष्ट हेतूने वापरला गेला आहे. निबंधात 'नाइस' लिहू नये, हा शालेय दंडक सांगताना हेन्रीला साक्षीला बोलावण्यात येते. जणू ऑस्टिनचे मतच त्याच्या तोंडून व्यक्त झाले आहे! प्रसंग नीट वाचला तर मात्र हे गृहीत टिकत नाही. शिवाय त्याच्या आड प्रशंसावाचक विशेषणांविषयीचा एक महत्त्वाचा प्रश्न दडून राहतो. एखादे विशेषण वर्णन करणे सोडून केवळ पसंती दर्शवू लागते, तेव्हा ते अर्थशून्य होते काय? आणि तसे नसेल, तर त्याच्यापाशी उरलेला अर्थ कोणत्या स्वरूपाचा असतो? समीक्षाव्यवहार ज्या शब्दांवर चालतो त्यांपैकी बहुतेक शब्द याच वाटेवर कुठेतरी उभे असल्यामुळे हा प्रश्न एका परकीय शब्दापुरता उरत नाही.

प्रथम हेन्रीचा इतिहास तपासला पाहिजे. 'नाइस'चा तो ज्याला मूळ अर्थ म्हणतो तो मूळ अर्थ नव्हेच. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मागे लॅटिन 'नेस्कियुस' म्हणजे 'न जाणणारा', अज्ञ, हा शब्द आहे. त्यातला 'न' संस्कृतच्या 'न'चाच सगोत्र, आणि जाणणे या अर्थाच्या लॅटिन धातूच्या मुळाशी कापणे, वेगळे करणे ही कल्पना असावी असे व्युत्पत्तिकार मानतात. संस्कृतातील 'छिद्' त्याच गोतावळ्यातला. म्हणजे जाणणे हे मुळात भेद करणे, आणि 'नाइस' तो ज्याला भेद करता येत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'मूर्ख' असाच होता. चौदाव्या शतकाच्या नवव्या दशकात रचलेल्या 'ट्रॉइलस अँड क्रिसेड' या काव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी चॉसर भाषेच्या परिवर्तनशीलतेविषयी बोलतो. पूर्वी ज्या शब्दांना प्रतिष्ठा होती ते आज विचित्र आणि वेडगळ वाटतात, असे तो म्हणतो. आणि 'वेडगळ' यासाठी त्याने योजलेला शब्द 'नाइस' हाच आहे. शब्दांचे अर्थ पालटतात हे सांगणाऱ्या वाक्यातला शब्दच पुढे असा पालटावा, हा योगायोग अर्थविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाला हेवा वाटावा असा आहे.

मूर्खपणातून हा शब्द स्वैर, विलासी, नखरेल अशा अर्थांकडे गेला. तिथून संकोची, चटकन बुजणारा. मग सहजासहजी पसंत न पडणारा, चोखंदळ. आणि चोखंदळपणातून सूक्ष्म, काटेकोर, तंतोतंत. शेक्सपिअरच्या काळात यांतले कित्येक अर्थ एकाच वेळी नांदत होते. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या शेवटच्या अंकात न पोचलेल्या पत्राविषयी बोलताना ते 'नाइस' नव्हते असे म्हटले जाते, तेव्हा ते पत्र क्षुल्लक नव्हते असा अर्थ असतो. तर 'हेन्री पाचवा'च्या अखेरीस राजा ज्या रूढींना राजापुढे नमायला लावतो त्या सोवळ्या, कर्मठ या अर्थाने 'नाइस' असतात. अशा स्थितीत वाचकाला अर्थ कळतो तो संदर्भामुळे. सी. एस. लुईसने 'स्टडीज इन वर्ड्स' (१९६०) मध्ये या घटनेला संदर्भकृत विलगीकरणाची उपमा दिली आहे. विजेच्या तारांवर जसे वेष्टण असते तसा प्रत्येक संदर्भ शब्दाच्या एका अर्थाला दुसऱ्यापासून अलग राखतो, म्हणून भाषेचा व्यवहार ठिणग्या न उडता चालू राहतो.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात या शब्दाखाली नोंदलेले अर्थ प्रामुख्याने काटेकोरपणा, नाजूकपणा, चोखंदळपणा यांच्या परिसरातले आहेत. 'सुखद' हा अर्थ त्यात नाही. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बोलण्यात रुळला. हेन्री टिल्नीचा 'मूळ' अर्थ हा जॉन्सनच्या कोशातला, म्हणजे इतिहासाच्या मधल्या एका मुक्कामावरचा अर्थ आहे. भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे बहुधा असेच करतात. आजोबांच्या पिढीतला वापर तो आद्य आणि नातवांचा तो भ्रष्ट! खरोखरीचा आद्य अर्थ हेन्रीने लावून धरला असता तर 'उडोल्फो' हे जगातले सर्वांत मूर्ख पुस्तक ठरले असते, आणि त्या काळच्या कित्येक गंभीर वाचकांनी त्यावर मान डोलावली असती.

परंतु प्रसंगाचे मर्म हेन्रीच्या व्याख्यानात नाही. ते एलिनॉरच्या उत्तरात आहे. आपला भाऊ बहिणीच्याही भाषेत सदैव चुका काढत असतो हे ती कॅथरिनला सांगते, आणि शब्द बदलला नाही तर उरलेली वाट जॉन्सन आणि ब्लेअर यांच्या ओझ्याखाली काढावी लागेल असे बजावते. ब्लेअर म्हणजे एडिंबरो विद्यापीठातला ह्यू ब्लेअर. त्याच्या 'लेक्चर्स ऑन ऱ्हेटरिक अँड बेल लेटर्स' (१७८३) या ग्रंथातील शैलीवरच्या व्याख्यानात समानार्थी मानल्या जाणाऱ्या शब्दांच्या जोड्या घेऊन त्यांतला भेद दाखवला आहे; एकच कल्पना तंतोतंत व्यक्त करणारे दोन शब्द भाषेत क्वचितच सापडतात, ही त्याची भूमिका. आणि मग एलिनॉर 'नाइस' हा शब्द उचलून हेन्रीवरच उलटवते. हा शब्द कोणतीही स्तुती न अभिप्रेत धरता फक्त त्यालाच लागू पडतो, कारण त्याच्यापाशी चोखंदळपणा आहे तितके शहाणपण नाही, असा तिचा टोला आहे. हेन्री ज्या जुन्या अर्थाचा अभिमान बाळगतो तो अर्थ ती पूर्ण अचूकतेने वापरते आणि त्या अर्थातच दोष दडलेला होता हे दाखवून देते. काटेकोरपणा हा गुण होता, तसाच तो अतिरेक झाल्यास दोषही होता. जुन्या 'नाइस'ची ही दुहेरी धार हेन्री सोयीस्करपणे विसरला आहे. यानंतर ती कॅथरिनला सुचवते, की याला आपल्या चुका मोजत बसू दे, आपण 'उडोल्फो'ची स्तुती आपल्याला आवडतील त्या शब्दांत करू.

१७९४ साली, म्हणजे 'उडोल्फो' निघाली त्याच वर्षी, हेस्टर लिंच पिओझीचा 'ब्रिटिश सिनॉनिमी' हा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. जॉन्सनच्या निकटच्या वर्तुळातली ही बाई. शुद्ध कसे लिहावे हे पुरुषांनी शिकवावे, पण घरगुती संभाषणात कोणता शब्द निवडावा हे सांगण्याचा अधिकार दीर्घ सरावामुळे स्त्रीला पोचतो, अशा आशयाची भूमिका तिने प्रस्तावनेत घेतली आहे. वरवर पाहता ही विनम्र माघार आहे. प्रत्यक्षात बोलीच्या राज्यावर सांगितलेला तो हक्क आहे. बीचन क्लिफच्या वाटेवर जे घडते ते या दोन अधिकारांमधले भांडण होय. एका बाजूला कोश आणि वक्तृत्वशास्त्र. दुसऱ्या बाजूला दिवाणखान्यातला वापर, जिथे शब्दाचे काम वस्तूचे माप घेणे एवढेच नसते, समोरच्या माणसाशी सूर जुळवणे हेही असते. ऑस्टिन कोणत्या बाजूला आहे? तिच्या स्वतःच्या पत्रांत 'नाइस' कॅथरिनच्याच सैल अर्थाने येतो. आणि तिच्या कादंबऱ्यांचे निवेदन मात्र हेन्रीला शोभेल इतक्या काटेकोर विशेषणांवर उभे आहे. दोन्ही बाजू तिला ठाऊक होत्या, एवढेच म्हणणे सुरक्षित.

याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. 'नाइस'वरून कान उपटण्याच्या क्षणभर आधी हेन्रीने स्वतः 'उडोल्फो'ची स्तुती केलेली आहे. त्या स्तुतीत वजन विशेषणाचे नाही. हातात घेतल्यावर पुस्तक खाली ठेववेना, दोन दिवसांत संपवले, सगळा वेळ अंगावर काटा होता, असे तो सांगतो. आणि बहिणीला वाचून दाखवण्याचे कबूल करूनही ती जराशी बाहेर गेल्याबरोबर तो ग्रंथ घेऊन एकटाच पळाला, हेही कळते. ही पसंती घटनांच्या रूपात व्यक्त झाली आहे. वाचनाने वाचकाचे काय केले याचा तो वृत्तांत आहे. 'नाइस'च्या जागी दुसरे अधिक नेमके विशेषण शोधावे, असा उपदेश हेन्री करतो खरा, पण चांगल्या स्तुतीला विशेषणाची गरजच लागत नाही हे त्याच्याच उदाहरणाने सिद्ध होते.

लुड्विग विट्गेन्श्टाइनने केंब्रिजमध्ये १९३८ साली सौंदर्यशास्त्रावर दिलेल्या आणि १९६६ मध्ये विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हाच मुद्दा वेगळ्या वाटेने येतो. सौंदर्यविचारक 'सुंदर', 'छान' यांसारख्या विशेषणांभोवती घुटमळतात; पण प्रत्यक्ष कलाव्यवहारात या शब्दांचे काम अगदीच थोडे असते. शिंपी कोटाच्या लांबीबद्दल बोलतो, संगीतज्ञ विशिष्ट संक्रमणाबद्दल बोलतो, आणि दोघांचे शब्द 'बरोबर', 'योग्य' यांच्या जवळचे असतात. लहान मूल 'चांगले' हा शब्द शिकते तो बहुधा खाण्याच्या संदर्भात, चेहऱ्यावरच्या भावासारखा, उद्गारासारखा, असे निरीक्षण तो नोंदवतो. ऑक्सफर्डच्या जे. एल. ऑस्टिननेही १९५६च्या एका व्याख्यानात सौंदर्यशास्त्रज्ञांनी काही काळ 'सुंदर'ला विसरून छोट्या, ठेंगण्या-ठुसक्या विशेषणांकडे वळावे अशी मिस्कील सूचना केली होती. ('सेन्स अँड सेन्सिबिलिया' हे शीर्षक घेऊन नामसाधर्म्याचा आनंद लुटणाऱ्या या तत्त्ववेत्त्याला कॅथरिन-हेन्रीचा संवाद आठवत नसेल असे मानणे कठीण आहे.)

लुईसची भूमिका या दोघांहून कठोर. शब्दहत्या असा शब्द वापरून त्याने तिचे प्रमुख कारण सांगितले आहे : माणसांना वस्तूचे वर्णन करण्यापेक्षा आपली पसंती-नापसंती व्यक्त करण्याची घाई अधिक असते. परिणामी शब्द वर्णनाकडून मूल्याकडे सरकतात. काही काळ कोणत्या प्रकारचा चांगुलपणा अभिप्रेत आहे याची पुसटशी खूण त्यांच्यापाशी राहते. शेवटी तीही जाते आणि ते 'चांगला' वा 'वाईट' यांचे निरुपयोगी पर्याय बनतात. या उताराचे चित्र अचूक आहे. शेवटच्या पायरीविषयीचा निष्कर्ष मात्र मान्य करता येत नाही, निदान 'नाइस'च्या बाबतीत तरी.

'नाइस' हा 'गुड'चा पर्याय नाही. पीटर गीच याने १९५६च्या एका छोट्या पण प्रभावी निबंधात दाखवून दिले, की 'गुड' हे विशेषण ज्या नामाला लागते त्या नामावरून आपला निकष घेते. चांगली सुरी म्हणजे सुरीचे काम चोख करणारी. 'नाइस' सुरी मात्र बोथटही असू शकते. ती हातात धरायला, पाहायला, बाळगायला बरी वाटते. चांगला माणूस 'नाइस' असेलच असे नाही; कित्येक संत, सुधारक आणि बहुतेक सगळे थोर शिक्षक 'नाइस' नव्हते. 'किंग लिअर' हे 'नाइस' नाटक आहे असे कोणी म्हटले तर ते विधान असत्य वाटत नाही, हास्यास्पद वाटते. आणि हास्यास्पद वाटते याचाच अर्थ असा, की शब्दात अजून काहीतरी शिल्लक आहे ज्याच्याशी लिअरचा मेळ बसत नाही. संपूर्ण रिकाम्या शब्दाची विसंगती होऊच शकत नाही.

ते शिल्लक काय आहे? एडमंड बर्कने १७५७च्या आपल्या ग्रंथात उदात्त आणि सुंदर यांची जी फारकत केली ती इथे उपयोगी पडते. भय, विस्तार, अंधार, सामर्थ्य यांतून उदात्त. लहानपणा, गुळगुळीतपणा, नाजूकपणा यांतून सुंदर. उदात्तापुढे माणूस नमतो. सुंदर वस्तू माणसाच्या आवाक्यात असते, ती त्याच्या हातात मावते. 'नाइस'मधला काटेकोरपणा गेला, चोखंदळपणा गेला. पण नाजूकपणाबरोबर आलेले हे लहानपणाचे माप मात्र गेले नाही. ज्याच्यापासून बोलणाऱ्याला कोणताही धोका नाही, जे त्याच्याहून मोठे नाही, ते 'नाइस'. बर्कच्या सुंदराची ही सुटी नाणी होत. म्हणूनच कवीला त्याची कविता 'नाइस' आहे असे सांगितले तर तो दुखावतो. पसंती मिळते, पण तिच्याबरोबर लहान असल्याचा दाखलाही मिळतो. स्त्रियांच्या लेखनावरील अभिप्रायांत असली विशेषणे किती काळ आणि किती सौजन्याने वापरली गेली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

या दृष्टीने कॅथरिनची चूक हेन्रीला वाटते त्याहून अधिक मनोरंजक ठरते. 'उडोल्फो' ही भयाची कादंबरी. बर्कच्या परिभाषेत तिचे स्थान उदात्ताच्या बाजूला. तिला 'नाइस' म्हणणे म्हणजे भयाला खिशात घालणे. बाथमधल्या सुरक्षित खोलीत, दिवसाउजेडी मैत्रिणींशी बोलत वाचलेल्या भयाचे असेच होते. पुढे टिल्नींच्या घरी वादळी रात्री ती काळ्या कपाटातून थरथरत्या हातांनी कागदांची गुंडाळी काढते आणि सकाळी ती धोब्याच्या हिशेबांची यादी निघते, तेव्हा पुस्तकातले भय आणि घर यांच्यातली तिने परस्पर पुसून टाकलेली रेषा तिला परत भेटते. विशेषणाच्या निवडीत कथानकाचे बीज होते. हेन्रीने शब्दाची सैलता पाहिली. तो शब्द त्या पुस्तकाला लावण्यात काय झाले, हे त्याने पाहिले नाही.

'नाइस'चे नकारात्मक रूप घेतले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'नाइस' फार थोडे सांगते. 'नॉट नाइस' पुष्कळ सांगते. भावंडाच्या हातातले खेळणे हिसकावणाऱ्या मुलाला आई हे शब्द ऐकवते तेव्हा त्यात सौम्य असला तरी निखालस नैतिक निर्णय असतो. 'रिअल' या विशेषणासंबंधी जे. एल. ऑस्टिनने म्हटले होते, की त्याचा अर्थ नकारातूनच ठरतो. 'नाइस'च्या बाबतीत तसेच काहीसे म्हणता येईल.

समानार्थी शब्दांकडे पाहिले तर प्रत्येकाची कहाणी वेगळी आणि तरी एकाच वळणाची. 'सिली' हा शब्द 'धन्य', 'सुखी' या अर्थापासून निघून 'मूर्ख'वर पोचला, म्हणजे 'नाइस' ज्या गावाहून निघाला तिथे. 'प्रिटी' प्राचीन इंग्रजीत 'धूर्त' होता. 'फाइन' हा शेवट या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला. पूर्णत्वाला नेलेले, म्हणून बारीक, म्हणून उत्कृष्ट. 'अग्रिएबल' आणि 'एमिएबल' यांतला भेद ऑस्टिनने 'एमा'त एका संपूर्ण पात्राच्या मूल्यमापनासाठी वापरला आहे. फ्रँक चर्चिल फ्रेंच भाषेतल्या अर्थाने 'एमिएबल' असू शकेल, इंग्रजीतल्या अर्थाने नव्हे, असा नाइटलीचा निवाडा अठराव्या प्रकरणात येतो. त्याची वागणूक गोड आहे, पण दुसऱ्याच्या भावनांविषयीची इंग्रजी नाजूक जाण त्याला नाही. या वाक्यात मत्सर आहे हे वाचकाला कळते, आणि निवाडा खरा आहे हेही. 'पर्स्वेजन'मध्ये मिस्टर एलियट चांगल्या मंडळींची व्याख्या करताना ती शिक्षणाच्या बाबतीत फारशी 'नाइस' नसतात असे म्हणतो, तेव्हा जुना 'चोखंदळ' हा अर्थ एका संशयास्पद पात्राच्या तोंडी सहजपणे येऊन जातो. विल्यम एम्पसनने 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' (१९५१) मध्ये 'ऑनेस्ट' या शब्दावर 'ऑथेल्लो' नाटकाचा जो उलगडा केला तो या प्रकारच्या वाचनाचा आदर्श. शब्दातल्या अर्थांमध्ये जी समीकरणे बनतात ती समाजाने नकळत स्वीकारलेली विधाने असतात, हे त्याचे म्हणणे. 'नाइस' = नाजूक = लहान = निरुपद्रवी = पसंत, हे असेच एक समीकरण; आणि ते उच्चारणारा माणूस आपण काही विधान करत आहोत हे जाणतही नाही.

मराठी वाचकाला या सगळ्यात परके वाटण्याजोगे फारसे नाही. 'बरा' हा शब्द उत्कृष्टवाचक 'वर' या संस्कृत शब्दापर्यंत नेला जातो. कोंकणीत 'बरें' आजही पूर्ण मापाने 'चांगले' आहे. मराठीत मात्र 'पुस्तक बरे आहे' हे वाक्य लेखकाला झोप येऊ देणार नाही. आजारातून उठलेला माणूस 'बरा' होतो, बोलणे पुढे ढकलायला 'बरं' येते, आणि 'बराच', 'बऱ्यापैकी' यांत तर गुण जाऊन केवळ प्रमाण उरले आहे. इंग्रजीत क्रियाविशेषण झालेल्या 'प्रिटी'चे तेच झाले. प्राकृत 'चंग'चा वारसा सांगणारा 'चांगला' प्रतिष्ठा राखून आहे, पण 'चांगलाच मार खाल्ला' म्हणताना त्याचीही 'बराच'शी सोयरीक होते. 'फक्कड' हिंदीत अजून निष्कांचन, बेफिकीर भटका आहे. मराठीत त्याच्या नावाने लावणी आणि चहा यांची वाखाणणी होते. स्वैरपणातून पसंतीकडे जाणारी 'नाइस'ची वाट इथे एका ढांगेत ओलांडली गेली. आणि इंग्रजीत 'नाइस' दुसऱ्या विशेषणाच्या आधी 'अँड' घेऊन येतो, ऊब किंवा विसावा यांचे सुख अधोरेखित करायला, तेव्हा त्याला मराठीचा 'छानपैकी' जितका तंतोतंत बसतो तितका कोणताही कोशगत प्रतिशब्द बसत नाही.

समीक्षेच्या भाषेकडे वळल्यावर हा खेळ उरत नाही. जगन्नाथ पंडिताने काव्यलक्षणात 'रमणीय' हे पसंतीचे विशेषण घातले, पण तिथेच न थांबता रमणीयता म्हणजे लोकोत्तर आल्हाद उत्पन्न करणाऱ्या ज्ञानाचा विषय असणे असा तिचा उलगडा केला, आणि लोकोत्तर म्हणजे काय याचाही. पुत्रजन्माची वार्ता ऐकून होणारा आनंद त्यातून वगळावा लागतो, याची त्याला काळजी होती. आजच्या मराठी पुस्तक-परीक्षणांत 'सकस', 'कसदार', 'सशक्त', 'लक्षणीय' ही विशेषणे येतात ती कशाला वगळतात? 'लक्षणीय' म्हणताना लक्षण दाखवण्याची जबाबदारी होती, ती गेली. 'कस' हा सोन्याचा असतो आणि जमिनीचाही. दोन्ही ठिकाणी तो घासून किंवा पेरून पाहावा लागतो. कसदार कथासंग्रह मात्र प्रकाशनाच्या दिवशीच कसदार असतो. 'नाइस'पेक्षा या शब्दांची स्थिती एका अर्थी वाईट आहे, कारण 'नाइस' आपण लहान नाणे असल्याचे लपवत नाही. हे शब्द परीक्षा झाल्याची बतावणी करतात. संभाषणात 'छान' म्हणणाऱ्याकडे कोणी प्रमाण मागत नाही, मागूही नये. परीक्षणात त्याचीच प्रतिष्ठित भावंडे वापरणाऱ्याकडे ते मागायला हवे, आणि वाचकांनी ते मागणे सोडले आहे.

'नॉर्थँगर ॲबी'च्या त्या पानाचा अनुवाद करू पाहणाऱ्याला ही सगळी अडचण एका वाक्यात भेटते. कॅथरिनसाठी 'छान' चालेल. हेन्रीच्या थट्टेतही 'छान दिवस', 'छान फेरी' सहज येतात. मात्र पुस्तकाच्या बांधणीवरचा विनोद तिथेच ढिला पडतो, कारण 'छान'मागे नेटकेपणाचा इतिहास वाचकाला ऐकू येत नाही. एलिनॉरपाशी तर 'छान' पूर्णच थांबतो. तिला 'चोखंदळ' हवा, आणि कॅथरिन 'उडोल्फो'ला चोखंदळ पुस्तक म्हणणे शक्य नाही. 'नाजूक' काही अंतर चालतो. नाजूक प्रश्न, नाजूक बांधा, नाजूक प्रकृती यांत जुन्या 'नाइस'चे निम्मे अर्थ सापडतात, पण तो पसंतीचा सरसकट शब्द कधी झाला नाही. बोलण्याच्या मराठीत आता खुद्द 'नाइस'च रुळला आहे, तेव्हा तोच देवनागरीत ठेवावा असेही सुचेल. कॅथरिनचे वाक्य त्याने जसेच्या तसे उतरेल. परंतु मराठीत आलेला 'नाइस' आपल्या शेवटच्या अर्थापुरताच आला. चोखंदळपणा त्याने बंदरावरच सोडला. त्यामुळे हेन्रीची तक्रार मराठी वाचकाला कळेल, आणि एलिनॉरने त्याला दिलेले उत्तर तळटीपेत जाईल.